चिखलात न उतरलेली पदवी

समुद्रकिनाऱ्याच्या विज्ञानात एम. एस्सी. झालेल्या मुलाला आज भरती किती वाजता आहे असे विचारले, की तो खिशातून मोबाइल काढतो. काढू दे बापडा, वेळ बरोबरच निघते. पण ती वेळ कोणत्या बंदराची आहे, ती कोणी व कशी काढली, आणि आपण उभे आहोत त्या खाडीपर्यंत ते पाणी पोचायला किती अवधी लागतो, हे पुढचे तीन प्रश्न विचारले की पदवीधर गप्प होतो. हातात पदवी आहे, लॅपटॉपमध्ये रंगीत नकाशे आहेत, शंभर पानांचा प्रबंध आहे. पायाला चिखल मात्र लागलेला नाही.

हा दोष त्या मुलाचा नाही हे आधीच स्पष्ट करतो. दोष अभ्यासक्रम आखणाऱ्यांचा आहे, प्रबंध तपासणाऱ्यांचा आहे, आणि वाचकहो, रागावू नका, आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांचाही आहे. त्या सगळ्यांशी आज भांडायचे आहे.

तुम्ही म्हणाल, घाटावरच्या एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापकाला या उठाठेवी कशाला? मी भूगोलाचा एम. ए., शिकवतो आठवी ते दहावीला. परंतु आमच्याकडची मुले पुढे जातात कुठे? कोणी गोवा विद्यापीठात सागरविज्ञानाला जातो, कोणी कारवारला कर्नाटक विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र विभागात जातो. दिवाळीला घरी आली की भेटायला येतात, प्रबंध दाखवतात. ते मी नीट वाचतो. शिक्षकाची खोड आहे ती, जात नाही.

अशीच एक जुनी विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी आली. हुशार मुलगी. तिने एका पुळणीचे उपग्रहाने टिपलेले दोन नकाशे एकमेकांवर ठेवून सहा वर्षांत किनारा साठ मीटर आत सरकला असे दाखवले होते. तांबड्या रंगात धूप, निळ्यात भर. मी विचारले, "बाळ, पहिलं चित्र घेतलं तेव्हा भरती होती की ओहोटी?" तिने नोंदवही चाळली. नोंद नव्हती. तिच्या मार्गदर्शकांनी विचारले नव्हते, बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही विचारले नव्हते. गुण मात्र उत्तम पडले होते.

आता हिशेब पाहा, सातवीच्या मुलालाही जमेल. गोव्याच्या बाजूला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. पुळणीचा उतार तीस फुटांना एक फूट असा धरला, तर दोन मीटर उभ्या फरकाने पाण्याची कड आडवी साठ मीटर सरकते. रोज दोनदा सरकते आणि रोज दोनदा परत येते. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो, म्हणजे हे सहा ठिपके झाले. शिवाय हा उपग्रह दर खेपेला सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, आणि भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते. तेव्हा कोणतीही दोन चित्रे पाण्याच्या एकाच पातळीची असतील असे समजणे म्हणजे गंमतच. त्या मुलीचा साठ मीटरचा किनारा समुद्राने खाल्ला होता की ओहोटीने दाखवून भरतीने झाकला होता, हे तिच्या प्रबंधावरून कोणालाही सांगता आले नसते. ती जिद्दीची, म्हणून पुढे स्वतः काठी रोवून मोजायला गेली. प्रत्येक जण जात नाही. आणि अशा एखाद्या नकाशाच्या आधारे उद्या कोणी दगडी भिंत घालायला निघाला, तर त्या भिंतीच्या टोकाशी वाळू आणखी वेगाने सुटते आणि शेजारच्या गावाचे माड पडतात. चूक प्रबंधात राहत नाही. ती शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

यावर आमचे नवे विद्वान म्हणतात, "सर, तुम्ही जुन्या काळातले. आता डेटा फुकट मिळतो, तो वापरायचं कौशल्य शिकायचं की चिखल तुडवायचा?" मी संगणकाचा वैरी नाही. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे २००८ पासून सर्वांना मोफत मिळू लागली, ही गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली. हैदराबादेला समुद्र नाही, पण तिथल्या 'इन्कॉइस' या संस्थेतून मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे याचा सल्ला जातो आणि त्सुनामीचा इशाराही निघतो. हे सगळे उपग्रह, तरंगती यंत्रे व संगणक यांवर चालते. पण त्या संस्थाही उपग्रहाचे आकडे समुद्रात प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. ज्याने आयुष्यात एकदाही स्वतः आकडा मोजला नाही त्याला दुसऱ्याच्या आकड्यावर संशय कधी घ्यावा हे कळत नाही. माझ्या मते डेटा हाताळण्याचे पहिले कौशल्य हेच. बाकीची आज्ञावली सहा महिन्यांत शिकता येते.

आकडा कसा फसवतो याचे सरकारी उदाहरण देतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर, हे आम्ही वर्षानुवर्षे पाठ करून घेतले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८ किलोमीटर झाली. जवळजवळ निम्म्याने वाढली! मग समुद्र मागे हटला की काय? तसे काही नाही. जुनी मोजणी ४५ लाखांस एक अशा प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी अडीच लाखांस एक अशा नकाशावरची. बारीक नकाशात खाड्या, वळणे, बेटे दिसू लागली आणि लांबी वाढली. किनारा तोच, फूटपट्टी बदलली. ज्या विद्यार्थ्याने दोरी घेऊन एक खाडी स्वतः मोजली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. ज्याने मोजली नाही तो उद्या '५० वर्षांत किनारा ४८ टक्क्यांनी वाढला' असा आलेख काढून मोकळा होईल, आणि तो आलेख छापूनही येईल.

दुसऱ्या बाजूचे लोकही मला ठाऊक आहेत. त्यांना विज्ञानाचे वावडे. "आमच्या आज्या-पणज्यांना सगळं माहीत होतं" हा त्यांचा जप. त्यांच्याशीही माझे जमत नाही. आपल्या कोकणपट्टीवर भरतीचा एक तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. किती सुंदर हिशेब आहे! घड्याळ, पुस्तक, यंत्र काही नको. पण तो तपासून पाहायला नको काय? तीस तिथींत भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास फिरून येते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे. पाऊणपटीच्या हिशेबात ४५ मिनिटेच धरली आहेत. तिथीमागे तीन मिनिटांची तूट, पंधरा तिथींत पाऊण तासाची. शिवाय प्रत्येक बंदराची स्वतःची वेळ निराळी. नांगर टाकणाऱ्या होडीवाल्याला पाऊण तासाने फारसे बिघडत नाही, पूल बांधणाऱ्याला बिघडते. एम. एस्सी.च्या पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला खाडीत रंगवलेली काठी रोवून पंधरा दिवस दर अर्ध्या तासाने पाण्याची पातळी लिहायला लावा, आणि मग हा हिशेब कुठे जुळतो, कुठे तुटतो ते काढायला सांगा. पंचांग, खगोल, संख्याशास्त्र, आलेख आणि नम्रता हे पाचही विषय त्यात येतात. खर्च एक काठी आणि एक वही.

हे दोन्ही हातांनी करणारा माणूस आपल्याच मातीत होऊन गेला, पण त्याचे नाव आम्ही फक्त इतिहासाच्या तासाला घेतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली गोव्यात जन्मलेले, धंद्याने गणिती. त्यांनी जुनी आहत नाणी एकेक करून तराजूत घातली आणि वापराने चांदी किती झिजते याचे संख्याशास्त्र लावून नाण्यांचा काळक्रम शोधला. हेच गृहस्थ पुण्याच्या परिसरातले डोंगर पायी तुडवत दगडी हत्यारे आणि वाटेवरच्या देवींची ठाणी शोधत असत. 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरी व्यवस्थेवर त्यांचा लेख आहे. गणित येते म्हणून पायपीट टाळली नाही, आणि पायपीट केली म्हणून गणित सोडले नाही. आमच्या विद्यापीठांत मात्र या दोन वेगळ्या जाती झाल्या आहेत. संगणकवाला वरचा, खेकडे मोजणारा खालचा.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. आपल्या किनाऱ्याचे वर्ष दोन तोंडांचे आहे. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून आत नेतात, पावसाळा सरला की मंद लाटा ती परत आणून टाकतात. वर्षाच्या पावसाचा बहुतेक सगळा भाग जून ते सप्टेंबर पडतो. त्या काळात नद्या गोड्या पाण्याने खाडी धुऊन काढतात, आणि उन्हाळ्यात खारे पाणी आत शिरते. म्हणून ज्याने एक अख्खे वर्ष एकाच ठिकाणी काढले नाही त्याने किनारा पाहिलाच नाही. पण आमचे क्षेत्रकार्य कधी असते? हिवाळ्यात, परीक्षा सांभाळून, बस ठरवून, तीन दिवस. अर्धा दिवस नमुने, अर्धा दिवस छायाचित्रे, संध्याकाळी मासळीचे जेवण. याला सहल म्हणावे, अभ्यास म्हणू नये. त्यात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची वाट उघडली. त्या एका वर्षात एकच पावसाळा, आणि तो प्रवेशाच्या रांगेत जातो! प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक अहवालांतही पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच हंगामाची मोजणी पुरेशी धरली जाते. आपण पदवीच त्या मापाची दिली, तर असले अहवाल लिहिणारे भरपूर निपजतील. त्यांना अडवणारा एकही निपजणार नाही.

"पण आम्हाला काय त्याचे? आमच्याकडे समुद्र कुठे आहे?" असे बेळगाव-खानापूरकडचा वाचक म्हणेल. तर ऐका. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगवते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. मांडवीत समुद्राची भरती गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत चढते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील मंडळींनी १९९० च्या दशकात मांडवी आणि जुवारी नद्यांत ठिकठिकाणी पाण्याची पातळी मोजली. त्यातून असे दिसले, की भरतीची उंची सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत जवळजवळ तशीच राहते आणि मग झपाट्याने उतरते. घर्षणाने ती कमी व्हायला हवी, पण पात्र आत अरुंद होत जाते, त्यामुळे तूट भरून निघते. ही गोष्ट कोणाला घरबसल्या सुचली नाही, पाण्याकाठी उभे राहून मोजली तेव्हा कळली.

आता या नदीच्या पाण्यावर तीन राज्यांचा तंटा आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असे वाटप केले, आणि प्रकरण त्यानंतरही न्यायालयात गेले. आपण सीमेवरची माणसे चहाच्या टपरीवर या टीएमसीवरून हमरीतुमरीवर येतो. मला एकच विचारायचे आहे. वर पाणी कमी झाले तर उन्हाळ्यात खारे पाणी किती किलोमीटर आणखी आत चढेल, हे वर्षानुवर्षे एकाच जागी मोजणारी आपली किती मुले आहेत? घोषणा देणारे हजार, क्षारता मोजणारे हाताच्या बोटांवर. बाजू कोणतीही घ्या, पण आकडा तुमच्याजवळ नसेल तर दुसऱ्याचा मान्य करावा लागेल.

गोव्याच्या खाजणांचे तसेच. खाडीकाठी बांध घालून, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला आपोआप उघडणारी लाकडी दारांची मानस बसवून, पूर्वजांनी सुमारे १८,००० हेक्टर जमीन खाऱ्या पाण्यापासून राखली आणि तीत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात पिकवले. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ साली आली, मग २०११ ची, मग २०१९ ची. २०११ मध्ये खाडीकाठचे नियंत्रण १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असेल तितके होते, २०१९ मध्ये ते शंभराचे पन्नास झाले. हे अंतर मोजायचे कुठून? भरतीरेषेपासून. ती रेषा नकाशावर कोण ओढतो? आपल्या मुलांसारखाच एखादा पदवीधर, बहुधा दूरच्या शहरात, पडद्यासमोर बसून. रेषा बांधाच्या आत पडली की बाहेर, यावर एखाद्याचे घर नियमात बसते किंवा बेकायदा ठरते. २०२१ साली गोव्यात किनारा आराखड्यावर जनसुनावण्या झाल्या, तेव्हा खाजणे, बांध, वाळूचे डोंगर नकाशात नीट आलेले नाहीत अशा लोकांच्या तक्रारी होत्या. ज्याने मानस कधी उघडताना पाहिले नाही त्याच्या नकाशात मानस येईल कसे? त्याला ती एक काळी रेघ दिसते.

इथेच आपल्या मुलांचे भांडवल आहे, आणि आपण ते मातीमोल करतो आहोत. सीमेवरच्या मुलाला घरात मराठी, बाजारात कन्नड, नातेवाइकांत कोकणी आणि शाळेत इंग्रजी येते. किनाऱ्यावर विचारपूस करायला याहून चांगली तयारी कोणती? पण विद्यापीठ त्याच्या हातात इंग्रजीतून उलथलेली प्रश्नावली देते: 'आपल्या परिसरातील किनारी धूपीबाबत आपली धारणा काय आहे?' यावर रापणकार काय बोलणार? तो म्हणतो, "बरी आहे." त्यालाच विचारा, "मामा, तुमच्या लहानपणी माड कुठवर होते? त्यातला शेवटचा कोणत्या पावसात पडला?" तो उठून जागा दाखवील. तिथे दोरी लावा, मीटर मोजा, वर्ष लिहा, शेजाऱ्याला तेच विचारून ताडून पाहा. झाला डेटा. उधाण आणि भांग, तिवर, चिपी आणि कांदळ हे शब्द म्हणजे शेकडो वर्षांच्या निरीक्षणाच्या नोंदी आहेत. त्यांना 'स्थानिक बोली' म्हणून परिशिष्टात ढकलू नका.

आणि आता पालकहो, तुमच्याकडे वळतो. "मुलगी एम. एस्सी. करते आणि चिखलात गुडघाभर उभी राहते? लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" हे वाक्य मी माझ्या कचेरीत ऐकले आहे, आणि मुलाच्या बापाकडूनही थोड्या फरकाने ऐकले आहे. त्यांना ए. सी.त बसणारा शास्त्रज्ञ हवा. अहो, आपले आजोबा गुडघाभर चिखलात लावणी करीत होते म्हणून तुम्ही शिकलात. चिखलाची लाज कधीपासून वाटू लागली? मुलीला किनाऱ्यावर पाठवायला भीती वाटते ही गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती भीती खरी आहे. म्हणूनच विद्यापीठाला जाब विचारा: जाण्यायेण्याचा भत्ता, जीवरक्षक जाकीट, मुलींच्या राहण्याची व शौचालयाची सोय, एकटीला न पाठवण्याचा नियम, हे का नाही? मुलीला घरी बसवणे सोपे, हा जाब विचारणे कठीण, म्हणून आपण सोपे करतो.

केवळ टीका करून मोकळा होणार नाही. माझ्या मागण्या पाच आहेत. पहिली: किनारा-विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकच जागा द्या आणि वर्षभर, पावसाळ्यासकट, दर अमावास्या-अष्टमीला तिथे मोजायला लावा. पावसाळ्यात पाण्यात उतरायचे नाही, काठावरून मोजायचे. अभ्यासक्रम एका वर्षाचा असेल तर त्याची सुरुवात आधीच्या वर्षातच करा. दुसरी: प्रबंधाबरोबर मूळ नोंदवही तपासा, चिखलाच्या डागांसकट, खोडलेल्या आकड्यांसकट. नोंदवही नसेल तर पदवी नाही. तिसरी: त्या नोंदवह्या ग्रंथालयात जपून ठेवा, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्या मुलाला त्याच जागी पुन्हा मोजता येईल. चौथी: उपग्रहाचा नकाशा काढणाऱ्याने प्रत्येक चित्राची तारीख, वेळ आणि भरतीची स्थिती लिहिलीच पाहिजे, आणि निदान दहा ठिकाणी स्वतः जाऊन ताडले पाहिजे. पाचवी: निष्कर्षाचे दोन पानी टिपण मराठी, कोकणी किंवा कन्नडमध्ये, त्या गावच्या पंचायतीत वाचून दाखवावे. गावकऱ्यांनी हसून चूक काढली तर ती प्रबंधात लिहावी.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या पाहणीत देशाच्या मुख्य भूमीवरील किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग धुपत असल्याचे आढळले. पुढच्या तीस वर्षांत कोणता बांध वाचवायचा, कोणते गाव हलवायचे, कुठे भिंत घालायची आणि कुठे मुळीच घालायची नाही, हे निर्णय होणारच आहेत. ते कोणाच्या आकड्यांवर व्हायचे एवढाच प्रश्न आहे. आमच्या शाळेतून दरवर्षी चारदोन मुले त्या वाटेला जातात. त्यांच्या हातात पदवीच्या आधी एक काठी आणि एक वही द्यावी, एवढेच विद्यापीठांकडे माझे मागणे आहे. आणि ती काठी घेऊन मूल दारातून निघाले की तुम्ही दार अडवू नका, एवढेच तुमच्याकडे.